हवा मोजणाऱ्या यंत्राची पूजा

आमच्या कारखान्यात रंगांसाठी लागणारी रसायनं बनतात. मानपाड्याकडचा तो सगळा पट्टाच तसला. मी तिथला सुरक्षा अधिकारी. म्हणजे हेल्मेट घाला असं दुसऱ्यांना बजावायचं आणि स्वतःचा भांग सांभाळायचा.

तर काही देशांतल्या रसायन कंपन्यांनी मिळून एक संशोधन काढलं. गळती झाली तर ती किती लवकर कळते आणि कळल्यावर माणसं काय करतात, हे बघायचं. प्रत्येक देशात एका कारखान्यात हवा मोजणारं एकसारखं यंत्र बसवायचं, आणि त्यावरचे आकडे सगळ्यांना त्याच क्षणी दिसणार. भारतातलं यंत्र आमच्याकडे आलं. वर्षअखेरीला परदेशात बैठक होती, तिथे बोलायला साहेबांनी माझं नाव सुचवलं. सुचवलं, एवढंच. पण घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी तिथल्या थंडीबद्दल सांगायला लागलेलो.

यंत्र बसलं ऐन नवरात्रात. दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे बॉयलरपासून चहाच्या मशिनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग परदेशातून आलेला पाहुणा तेवढा कोरडा ठेवायचा? मी मुद्दाम टेंभी नाक्यावरून झेंडूचा हार आणला. यंत्रासमोर उदबत्तीचा अख्खा पुडा लावला, ताटात कापूर पेटवला आणि आरतीला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्याला यंत्राचा लाल दिवा लागला आणि ते किंचाळायला लागलं.

जवळच्याच गावातला आमचा जुना ऑपरेटर टाळ्या वाजवता वाजवता माझ्या कानाशी आला. “सायेब, यो कनाला बोंबलतंय?”

“अरे, धूर लागला असेल. आरती अर्धवट सोडतात का? म्हण तू.”

यंत्र वरच्या पट्टीत होतं, आम्हीही पट्टी वाढवली. कापूर विझला तसं तेही गप्प झालं. मला तर तो आशीर्वादच वाटला. त्याच भरात, आरती चालू असताना एकाने काढलेला फोटो मी ‘आमच्या परंपरेनुसार स्वागत’ असं लिहून संशोधनाच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, जोडलेले हात आले. एका देशातून तर फूलही आलं.

चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब डोंबिवलीचे, जुन्या वळणाचे. रागावले की भाषा आणखी शुद्ध होते.

“त्यांची विचारणा आली आहे. आपल्याकडे एवढा मोठा आकडा कशाने आला?”

“कापूर, साहेब.”

“कापूर लिहू नका. ‘स्थानिक ज्वलन’ लिहा. पुढचा प्रश्न. इशारा वाजल्यावर किती जण बाहेर पडले?”

मी आठवून पाहिलं. “एक जण पडला.”

“चला, निदान एक तरी.”

“पेढे आणायला गेलेला.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “सर्वजण शिस्तीने बाहेर पडले, असं लिहा. तुम्हाला जायचं आहे ना बैठकीला?”

जायचं होतंच. मी लिहिलं, वर ‘तत्परतेने’ हा शब्द पदरचा घातला, आणि पाठवून दिलं. संध्याकाळी संशोधन सांभाळणाऱ्या तिकडच्या बाईंचं उत्तर आलं. अतिशय गोड बाई. त्यांनी लिहिलेलं, स्वागताबद्दल पुन्हा आभार. फक्त तुमच्या फोटोत लाल दिवा लागलेला दिसतो आणि सगळे आतच दिसतात, तेव्हा फोटो बाहेर पडण्याआधीचा आहे की नंतरचा?

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “फोटो कोणी पाठवला?”

मी भिंतीवरच्या सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरकडे पाहत राहिलो. मग खरं काय ते लिहून पाठवलं. दुसरं काही उरलंच नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत, उलट खूश झाल्या. बाकीच्या देशांतले आकडे सपाट होते. इशारा वाजूनही माणसं का हलत नाहीत, याचा पुरावा फक्त आमच्याकडून गेलेला. बैठकीतलं सगळ्यात मोठं भाषण त्या फोटोवर ठरलं. आणि भाषण बाईच करणार होत्या.

बैठक आम्ही कॉन्फरन्स रूममधल्या पडद्यावर पाहिली. परदेशातला तो मोठा हॉल, आणि समोर भिंतभर मी, हातात ताट, डोळे मिटलेले. बाई लाल दिव्यावर बाण फिरवत होत्या, मग बाण माझ्या चेहऱ्यावर आणून थांबवला.

“फोटो स्पष्ट आलाय हो,” साहेब म्हणाले.

मागून ऑपरेटर म्हणाला, “सायेब, तुमी तर पोचलाव तिकरं.”