बिनपाण्याचा बगीचा

पाणी वाचवणं हा माझा धंदाच होता. रिफायनरीत कूलिंग टॉवरचं पाणी पुन्हा पुन्हा कसं वापरायचं, यात नोकरीची सगळी वर्षं गेली. घरात दात घासताना नळ चालू ठेवणाऱ्या पाहुण्याच्या मागे मी जाऊन उभा राहतो. मी लक्ष्मीकांत दिघे, जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातला, मुक्काम मांजलपूर, स्वभावाने दीडशहाणा. शेवटचं विशेषण माझ्या बायकोचं, अहल्येचं. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे शब्द नेमका वापरते.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आमचं टेनामेंट जुन्या पद्धतीचं, खाली दिवाणखाना नि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि घरातलं एकमेव बाथरूम. अहल्या जिना बसून उतरायला लागली, एकेक पायरी. कोणी बघितलेलं तिला खपत नसे, म्हणून मी त्या वेळी पेपरात तोंड घालून बसायचो. डॉक्टरांनी जिना बंद करा म्हणून सांगितलं. तेव्हा ठरलं, हे घर विकायचं आणि इथेच जवळपास लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा. घर विकेपर्यंत तिचा जिना काही सुटणार नव्हता.

दलाल म्हणून मानसिंगराव आले. फाटकातच थांबून म्हणाले, "दिघेसाहेब, गिऱ्हाईक आधी आंगण बघतो, मग घर. तुमचं लॉन पार वाळून गेलंय. रोज पाणी मारा, हिरवंगार करा, मग जाहिरातीत फोटा मूकू."

रोज पाणी मारा! मला सांगतात! बडोद्याच्या उन्हाळ्यात, नळाला पाणी येतं तेवढ्यात घागरी भरायच्या की गवताचे लाड करायचे? माझं डोकंच फिरलं. त्यांना म्हटलं, "मानसिंगराव, आता असा बगीचा करतो की पाण्याचा थेंब लागणार नाही आणि गिऱ्हाईक फाटकातच इसार काढील." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

होळी झाली आणि मी कामाला लागलो. मोबाइलवर कुठल्या कुठल्या वाळवंटी देशांतले व्हिडिओ बघितले. लॉन उपटलं. फाटकापासून ओट्यापर्यंतची फरशीही उखडून मागे रचली, कारण व्हिडिओत सगळीकडे खडी होती. डभोई रोडवरच्या नर्सरीतून घायपात, कोरफड, तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग आणले. मधोमध मातीचा लांबट उंचवटा केला, म्हणजे पडलं तर पाऊसपाणी मुळाशी मुरेल. त्यावर पांढरे गोटे रचले आणि शोभेसाठी एका टोकाला काळा दगड उभा केला. अहल्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मी घाम पुसत विचारलं, "कसं काय?" ती म्हणाली, "तुम्ही खूश आहात ना, मग झालं." मी ती शाबासकी समजलो.

पहिलं गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. बाईंनी फाटकाला हात लावला आणि निवडुंग बघून तो मागे घेतला. दारात काटे ठेवले की घरात भांडणं लागतात, असं त्यांनी नवऱ्याला गुजरातीत सांगितलं. मी लगेच वनस्पतिशास्त्र सांगायला सुरुवात केली, की काटा म्हणजे खरं तर पानच असतं. ते मोटारीत बसले तरी मी सांगतच होतो. त्या दिवशी अहल्येचं नि माझं भांडण झालं हेही खरं, पण ते निवडुंगावरून झालं.

दुसरे गृहस्थ अलकापुरीतले कपड्याचे व्यापारी, भला माणूस. आत आले, उंचवट्यापाशी थांबले, चपला काढल्या आणि काळ्या दगडाला हात जोडले. मग हळूच मला विचारलं, "बापुजीनी समाधि छे?" मी नाही म्हणालो, तर त्यांचा चेहरा आणखी उतरला, आता कोणाची असेल या विचाराने. त्यांनी घर बघितलंच नाही. जाताना पुन्हा एकदा नमस्कार मात्र केला. मानसिंगरावांनी कपाळाला हात लावला आणि आत अहल्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी उंचवटा सपाट केला, काळा दगड हलवला आणि उरलेली खडी अंगणभर आणखी जाड पसरली. निवडुंग मागे नेले. आता नाव ठेवायला जागा नाही, अशी माझी समजूत.

तिसरा आला मयंक, बँकेत नोकरीला असलेला तरुण. सोबत त्याची आई, हातात काठी. त्याने आईला हात दिला, तिने खडीत काठी टेकली, काठी रुतली. दुसऱ्यांदा टेकली, पाऊल घसरलं. मयंकने सावरलं म्हणून बरं. म्हातारी तिथेच फाटकाला धरून उभी राहिली. आमच्या दारात अहल्या उभी होती, तीही काठी धरून. म्हातारीने तिच्याकडे बघितलं आणि या खडीतून ती बाहेर कशी येते, असं साध्या चौकशीच्या सुरात विचारलं, "बेन, तमे बहार केवी रीते आवो छो?"

"नथी आवती," अहल्या म्हणाली. "होळी पछी नथी आवी."

होळीनंतर ती बाहेर आलीच नव्हती. मी खडीकडे बघितलं. होळीपर्यंत ती रोज सकाळी काठी टेकत फाटकापर्यंत जायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, रस्ता बघायची. नंतर भाजी मी आणायला लागलो, दूध मी घ्यायला लागलो. "तू बस, मी आणतो," असं म्हणताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटायचं. जिच्या पायांसाठी घर विकायला काढलं, तिलाच मी घरात कोंडलं होतं, तेही एवढी मेहनत करून. मला तोंड वर करवेना.

फावडं आणलं. मयंकने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मी नको म्हणत असताना मागे रचलेल्या फरश्या आणून दिल्या. मी खडी ओढत गेलो, फरश्या मांडत गेलो. त्या वाकड्यातिकड्या बसल्या, पण हलत नव्हत्या. अहल्या त्यांच्यावरून चालत फाटकापर्यंत आली आणि तिने म्हातारीचा हात धरला. दोघींनी आधी गुडघ्यांची विचारपूस केली. मग अहल्येने तिला सरळ सांगून टाकलं, की घर चांगलं आहे, पण बाथरूम वर आहे, तुमच्याने व्हायचं नाही. म्हातारीने मान डोलावली, मयंकने हात जोडले आणि ते दोघं गेले. मानसिंगराव फोनवर मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणखी एक गिऱ्हाईक रविवारी आणतो म्हणाले, तेव्हा त्यांना आधी बाथरूमचं सांगा, एवढं मी बजावलं.

अहल्या फाटकाशीच उभी होती. समोरच्या घरातली कोमल स्कूटर काढत होती. तिने अहल्येला बघितलं, स्कूटर स्टँडला लावली आणि धावत आली. "अरे आंटी, केटला दिवसे! बहारगाम गया हता?"

"ना रे," अहल्या म्हणाली, "घरे ज हती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, एक खुर्ची आणता का? मी बसते जरा इथे."

मी खुर्ची आणायला आत गेलो. डोळे इतके भरून आले होते की खुर्ची हातात धरून थोडा वेळ आतच उभा राहिलो.