अक्काने न पाहिलेला पट्टा

अक्का कोणाचंही नुसतं ऐकून घेत नसे. भाजीवाला म्हणाला वांगी कोवळी आहेत, की ही म्हणायची, “मले सांगू नको, दाखव.” मग त्याला एक वांगं तिथेच चिरावं लागे. पोरीला पाहायला आलेल्या मुलाने आपल्याला पोहता येतं म्हटलं, तर त्याला थेट विहिरीवर नेलं. तो बिचारा नव्या पॅन्टसकट उतरला. तोच पुढे तिचा जावई झाला.

अक्का माझी चुलत बहीण. असोद्याला तिची केळीची बाग, जळगावात माझा रबराचा छोटा कारखाना. चपला करणाऱ्यांकडून चामड्याची कातरणं आणायची, दळून रबरात मिसळायची आणि केळीला टेकू बांधायचे पट्टे काढायचे, असं मी सुरू केलं. घड उतरला की पट्टा तिथेच टाका, माती त्याला खाऊन टाकेल, असं सगळ्यांना सांगत होतो. पट्टे बांधायला पहिली बाग अक्काने दिली. मला ती ‘दाखव’ म्हणाली नाही. शेजारणीने टोकलं तर तिलाच म्हणाली, “माह्या भाऊचं काय पाह्यचं?”

कारखान्यामागच्या कुंडीत मी एक पट्टा आधीच पुरून पाहिला होता. काढला तेव्हा हलका लागला. चामडं मातीतल्या जंतूंनी खाल्लं होतं. रबर तसंच उरलं होतं, भोकाभोकांचं, चुरलं की कण होणारं. वजन घटलं म्हणजे पट्टा कुजला, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तो कपाटात टाकला.

नांगरटीनंतर अक्काने बोलावून घेतलं. तिच्या तळहातावर काळे कण होते. नुसत्या रबराचा पट्टा असता तर अख्खा उचलून फेकता आला असता. हे मातीत कालवलं गेलं होतं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, “तुले ठाऊक व्हतं का रे?”

“नाही,” मी म्हणालो.

ती “बरं” म्हणाली आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पट्टे मी बंद केले. ती मात्र संध्याकाळी पिठाची जुनी चाळणी घेऊन बागेत बसायची. कोणी विचारलं तर हसून सांगायची, भाऊचा पसारा आवरते आहे.

अक्का गेल्यावर बाग जावई पाहतो. कण अजून निघतात. मीही चाळायला जातो. परवा जाताना कपाटातला तो पट्टा नेला आणि जावयापुढे ठेवला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. भोकांतून पलीकडची केळी दिसत होती.

“हा कधीचा, मामा?”

“तुमच्या बागेत पहिला पट्टा बांधला,” मी म्हणालो, “त्याच्या आधीचा.”