फोरमनच्या टेबलाभोवतीची दोरी

अण्णाच्या टेबलाभोवती लाल दोरी बांधलेली होती. चार कोपऱ्यांना चार स्टुलं लावून, नीट ताणून. एका स्टुलावर पिवळा बोर्ड, ‘सावधान, किरणोत्सर्ग’. दोरी माझी, बोर्ड माझा, आणि आत जेवणाचा डबा न उघडता माझ्याकडे बघत बसलेला माणूस माझा सख्खा मोठा भाऊ.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. तिथे बॉयलर आणि मोठ्या टाक्या बनत. अण्णा फॅब्रिकेशन शॉपचा, म्हणजे पत्रे कापून जोडणाऱ्या विभागाचा, फोरमन. मी रेडिओग्राफी बघायचो, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाचे फोटो काढायचो. हाडाचा एक्स-रे काढतात तसा लोखंडाचा. त्यासाठी किरणोत्सर्गी धातूची एक बारीक गोळी लागते. तिला आम्ही सोर्स म्हणतो. सोर्स जाड डब्यात बंद असतो. तो बाहेर काढला की जवळ कुणी थांबायचं नाही. म्हणून आधी दोरी बांधायची, बोर्ड लावायचा आणि मग काम. नवीन माणूस आला की मी पहिल्याच दिवशी त्याला दम द्यायचो, दोरीच्या आत पाय टाकलास तर घरी जाशील. लोकांनी हे फार मनावर घेतलं. इतर कुठलीच सूचना त्या कारखान्यात कुणी मनावर घेतली नाही.

अण्णाचा आवाज म्हणजे शॉपची अर्धी यंत्रसामग्री. वर क्रेनमध्ये बसलेल्या माणसाला तो खालून ‘हबेस’ म्हणून ओरडायचा. हबेस म्हणजे उचल. शेजारच्या कारखान्यातली क्रेनही उचलायची, असं लोक म्हणत. तो आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. खोकल्याची औषधं झाली, ज्येष्ठमध झालं. शेवटी कल्याणच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि मुंबईला पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. एका स्वरतंतूवर कॅन्सर.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण जे बोलायच्या ते कळायचं. दोन मार्ग आहेत, त्या म्हणाल्या. स्वरयंत्र काढून टाकायचं, मग गळ्याला भोक पाडून तिथून श्वास, आणि आवाज गेला. किंवा लाईट द्यायची, म्हणजे बाहेरून मशीनने किरण. रोग लवकर सापडलाय, तंतू अजून हलतोय, तेव्हा लाईटने बरा व्हायची शक्यता चांगली. नाहीच झाला तर ऑपरेशन हातात आहेच. उलटं करता येत नाही. मात्र मधे थांबायचं नाही. घसा सोलवटेल, गिळताना दुखेल, आवाज आणखी बिघडेल, तरी थांबायचं नाही. खंड पडला की रोगाला डोकं वर काढायला सवड मिळते.

एवढं सरळ होतं. पण आम्हाला नातेवाईक होते. मोहन्याचे मामा म्हणाले, सडलेला भाग कापून मोकळं व्हावं. टिटवाळ्याची आत्या एका वैद्याचा पत्ता घेऊन आली. आणि मी किरणांतला असल्यामुळे निकाल मी द्यावा, असं सगळ्यांचं मत पडलं. मला लोखंडातलं कळतं, हे मी सांगून थकलो. अण्णाने लाईट निवडली, ती मामांना कंटाळून की आवाजासाठी, देव जाणे.

सकाळी मुंबईला लाईट, दुपारी कामावर. घरी बसून तुझ्या वहिनीचा चेहरा बघवत नाही, म्हणाला. असं तीन-चार आठवडे गेले, घसा आतून सोलला, आणि मग ही दोरी आली.

दोरी जनार्दनने बांधली होती. हा आमचा रिगर, क्रेनला माल अडकवणारा, इथल्याच गावातला, अण्णावर जीव टाकणारा. मी त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमीच सांगलाव ना, सोर्सपासून लांब ऱ्हायाचा. अण्णा रोज सोर्स घेऊन येतंय.”

माझंच भाषण होतं.

अण्णा घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाला, “बाळ्या, उद्यापासून मी जात नाही. घरी तुझी वहिनी पोरांना जवळ येऊ देत नाही, इथे हे. गळा कापा, नाहीतर सोडून द्या.”

हातापाया पडून उपयोग नव्हता, तो अण्णा होता. मी समजावलं की मशीनमधला सोर्स मशीनमध्येच राहतो. बॅटरीचा उजेड अंगावर पडला म्हणून बॅटरी विझवल्यावर माणूस अंधारात चमकत नाही. अण्णाला पटलं. बाकीच्यांना नाही, आणि अण्णाला बाकीच्यांचंच लागलं होतं.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर गुप्तेसाहेब आले. साध्या गोष्टीचा समारंभ करणं हा त्यांचा हातखंडा. शौचालयाचं उद्घाटनसुद्धा त्यांनी फीत कापून केलं होतं. ते म्हणाले, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनेच सुटला पाहिजे. सगळ्या शॉपसमोर मोजणी करा. मी सर्व्हे मीटर आणला. किरण असले की ह्याचा काटा हलतो आणि तो टकटक करतो. मी तो अण्णाच्या गळ्याला लावला. काटा जागचा हलला नाही. मधूनच एखादी टक, ती तर भिंतीजवळही होते.

“मीटर बंद असंल,” जनार्दन म्हणाला.

“बरोबर,” गुप्तेसाहेब म्हणाले. “तुलना हवी. निरोगी माणसाशी तुलना. माझ्यावर लावा.” आणि बाही मागे सारून त्यांनी हात पुढे केला.

त्या मनगटावर त्यांच्या मिलिटरीतल्या सासऱ्यांचं जुनं विलायती घड्याळ होतं. वीज गेली की ते सगळ्यांना त्याचे हिरवे चमकणारे आकडे दाखवत. मीटर जवळ नेला मात्र, काटा उडाला आणि टकटकीचा ताशा सुरू झाला.

जुन्या घड्याळांच्या आकड्यांना रेडियमचा रंग देत, हे मी सांगेपर्यंत लोक साहेबांपासून चार पावलं मागे सरले होते.

जनार्दनने स्टुलावरची दोरी सोडली, गुंडाळली आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे विचारलं, “साहेबांना बांधू?”

अण्णा हसला. हसताना घसा दुखला, म्हणून गळा धरून हसला. मग त्याने डबा उघडला, दहीभातातला एक घास कसाबसा गिळला आणि उरलेला जनार्दनपुढे सरकवला. जनार्दनने एकदा मीटरकडे बघितलं आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अण्णा लाईटला गेला. सगळी लाईट पुरी केली. मीटर मी घरीही नेला, नियम मोडून, आणि वहिनीसमोर गळ्याला लावला. त्यानंतर पोरं पुन्हा त्याच्या अंगावर लोळायला लागली.

आवाज परत यायला बरेच महिने लागले. आला तो जरा फाटका. पहिल्यांदा ‘हबेस’ ओरडला तेव्हा क्रेनवाल्याने खाली वाकून विचारलं, कोण बोलतंय? अण्णाने त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही, पण ते शॉपभर स्पष्ट ऐकू गेलं.

माझ्या भाषणात मी एकच बदल केला. दोरी कधी बांधायची हे मी आधीपासून सांगायचो. ती कधी सोडायची, हेही सांगायला लागलो. गुप्तेसाहेबांनी घड्याळ बदललं. समारंभ नाही बदलले.