पाकिटावरची आडवी सही

अश्विनी, ये, अशी जवळ सरक. आणि आधी माझी बोलणी खा. विमलला जाऊन दोन महिने झाले, रक्षाविसर्जनाला तोंड दाखवून गेलीस ती गेलीसच. फोन उचलत नाहीस. शेवटी सातवी शिकलेल्या म्हातारीवर पेपरात लिहायची वेळ आणलीस की गं!

वाचणाऱ्यांना सांगते. विमल माझी धाकटी जाऊ. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तरी शाहूपुरीतल्या आमच्या घरी पोरं यायचीच, पुढच्या शिक्षणाचे अर्ज घेऊन. विमलची रीत अशी, की आपण कशासाठी शिकणार ते पानभर लिहून आणायचं आणि मला मराठीत मोठ्यानं सांगायचं. मी समोर मेथी निवडत बसलेली. काही कळलं नाही की माझा हात थांबायचा. हात थांबला की विमलची लाल खूण! पोरं चिडायची, "मॅडम, ॲडमिशन आक्का देणार हायत का?" ती म्हणायची, "आक्कांना कळंना, तर तिथल्या प्रोफेसरला काय कळणार?" मी अक्षरं शाळेत शिकले, पण विचार कसा करायचा ते या पोरांच्या कागदांवर.

तू कोडोलीहून एस.टी.नं यायचीस. पीएच.डी.ला बेंगळुरूला जायचं होतं तुला. पहिल्या कागदाची सुरुवातच 'मला लहानपणापासून विज्ञानाची ओढ आहे.' माझा हात तिथंच थांबला. विमल म्हणाली, "ओढ सगळ्यांनाच असती. तुला कधी लागली ते सांग." तू पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसलीस. मग म्हणालीस, "आमच्या म्हशीची कास सुजली हुती, मॅडम. डेअरीनं दूध परत पाठवलं. आई ते उकिरड्यावर ओतत हुती... मी त्यातलं बाटलीभर कॉलेजात आणलं. काय हाय त्यात, बघावं म्हटलं." विमल खुर्चीतून उठलीच. "अगं मग हे लिही की! हे सोडून ओढ-बिढ काय लिहितीस?" सात वेळा लिहिलास तो कागद. सातव्या वेळी अख्खी जुडी निवडून झाली, माझा हात काही थांबला नाही.

राहिलं शिक्षकाचं शिफारसपत्र. ते बंद पाकिटात लागायचं, आणि चिकटवल्या जागेवर आडवी सही. बरेच जण सांगतात, 'तूच लिहून आण, मी सही ठोकतो.' विमल तसलं कधी करायची नाही. तिनं तुझी प्रयोगवही मागवली, चार दिवस वाचली, मग लिहिलं. मला म्हणाली, "आक्का, एक उणंही लिहिलंय. नुसतं गोड लिहिलं की खोटं वाटतं." मी विचारलं, काय उणं? "पोरगी हुशार आहे, पण मागत नाही. अडलं तरी तोंड उघडत नाही." पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर... खुर्चीतच होती. हात गार.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. रडलीस. जाताना दारात थांबून आतल्या टेबलाकडं बघत राहिलीस. मला वाटलं, मॅडमचा चष्मा बघून जीव अडकलाय. "काय गं बाळ?" म्हटलं, तर "काय न्हाय, आक्का." सुतकाच्या घरात आपलं काम कसं काढायचं, म्हणून तशीच गेलीस. आणि मी? सून टेबल आवरायला निघाली तर मीच खेकसले, "बारावं होईपर्यंत तिच्या वस्तूला हात लावायचा न्हाय!" त्या दिवसांत पाकीट डोक्यातून गेलं होतं, असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. सातव्या दिवशी आठवलं होतं. पण खण उघडायचा धीर झाला नाही. रीत मोडायचं भय नव्हतं गं, तिचं अक्षर बघवणार नव्हतं... तेराव्या दिवशी उघडला. तुझ्या अर्जाची मुदत चार दिवसांमागं संपली होती.

तुझी आई भेटली परवा. कागलच्या एमआयडीसीत कुठल्या कंपनीत लागलीस म्हणे, आणि स्थळंही बघायला लागलेत. एकदा लग्न ठरलं की पुढच्या वर्षीचा अर्ज कोण भरू देणार, ते मला सांगू नकोस. मीही याच घरात सून म्हणून आले, सातवीची वही माहेरी ठेवून.

विमल असती तर आधी मला झाडलं असतं, मग तुला. पाकीट अजून खणातच आहे. गेलेल्या माणसाचं पत्र पुढच्या वर्षी चालतं का, मला ठाऊक नाही. ते विचारावं लागेल, आणि तोंड तुलाच उघडावं लागेल. मी पाकीट फोडलेलं नाही. सही अर्धी झाकणावर, अर्धी खाली आहे... फोडलं तर तुटेल. रोज दुपारी तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर मेथी घेऊन बसते. हात एकदाही थांबत नाही, कारण कुणी काही वाचतच नाही.

येत्या रविवारी ये. सातवा कागद घेऊन ये. आणि या वेळी दारात थांबू नकोस, आत येऊन माग.