मधल्या टप्प्यावरचं पाणी

आधीच सांगून ठेवतो, मी असलं काही मानणारा माणूस नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आमच्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, गंडे-दोरे, अंगारे-धुपारे सगळ्यांना एकदम रजा दिली होती... आणि मी तर त्यांच्याही पुढचा, चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारा. या सदरात छापून येणारे गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि हसायचो. परवा तीच म्हणाली, "दुसऱ्याले हसता ना, मंग आपल्या कुसुमचं लिहा एकदा." म्हणून लिहितोय. कुसुमला विचारूनच लिहितोय.

कुसुम माझी धाकटी बहीण. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तिची सोनी, नुकती बोलायला लागलेली पोर, उन्हाळ्यात हगवण-उलट्यांनी गेली. त्या काळी लोकांची समजूत अशी की या दुखण्यात पाणी द्यायचं नाही, पाण्याने आणखी वाढतं. सासरच्या मोठ्या माणसांनी बजावलं आणि कुसुमनं ऐकलं. पोरगी "पानी दे, पानी दे" करत गेली. आज मीठ-साखरेचं पाणी शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, तेव्हा आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर कुसुम गप्प झाली. जावई तिला आमच्याकडे आणून सोडून गेले. बोलणं हो-नाहीपुरतं. आणि ती पाणी प्यायची नाही. कोणी फारच रागावलं तर दोन घोट, बस. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले... डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर ही फार दिवस काढणार नाही.

आमच्यात श्राद्ध नाही, मेलेल्याच्या नावाने पाणी सोडणं नाही. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण एकदा कुसुमनं माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, तिले आता तरी कोणी पाणी देत असन का वं?" बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मी ताट सरकवून उठलो.

मला आणि माझा मित्र मनोहर याला — तो बँकेत कारकून — रविवारी टेकड्या तुडवायचा नाद होता. कळमेश्वरच्या पुढे एसटीतून उतरायचं, डबा खांद्याला लावायचा आणि ढोरवाटेने चढायला लागायचं. बाहेरच्यांना वाटतं नागपूर म्हणजे सपाट आणि रखरखीत. पण शहराच्या पश्चिमेला निघा, सगळा मुलूख लाव्हाचा! एक थर वाहत आला, थंड झाला, त्यावर दुसरा, मग तिसरा. म्हणून टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या. काळ्या दगडाचा चढ, मग सपाट टप्पा, पुन्हा चढ, पुन्हा टप्पा. आणि सगळे टप्पे दिसायला सारखे. उतरताना कोणत्या टप्प्यावरून वळायचं, इथेच नवखा माणूस हमखास फसतो.

फाल्गुन होता, पळस नुसता पेटलेला. बायको म्हणाली, "तिले घेऊन जा सोबत. घरात बसून बसून खंगून राहिली ते." कुसुम नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. चपला घालून दारात येऊन उभी राहिली.

वरपर्यंत ती गपचूप चढली. माथ्यावर आम्ही डबे खाल्ले, तिने अर्धी पोळी खाल्ली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तोंड फिरवलं. उतरताना मनोहर पुढे गेला, खालच्या वस्तीवर चहाचं सांगतो म्हणाला. मी कुसुमच्या चालीने मागून. दुपार कलली होती, ऊन जड झालं होतं, आणि मी एक टप्पा आधीच वळलो. भूगोलाचे मास्तर! मनोहरने पुढे कितीतरी वर्षं मला त्यावरून सोडलं नाही.

आपण चुकलो हे मला कळलं ते पायांमुळे. खाली दगड लागेना, काहीतरी मऊ लागत होतं. मग वास आला... तळ्याच्या काठचा असतो तसा, चिखलाचा आणि कुजक्या गवताचा. कुठेतरी बेडूक बोलत होते. ऊन होतं, पण त्याचा चटका गेला होता. आणि समोर पाणी होतं.

मोठं पाणी. संथ. काठाला उंच गवत, पलीकडचा काठ दिसतच नव्हता. चिखलात छोट्या छोट्या गोगलगायी चालल्या होत्या, शंख पाठीवर घेऊन, सावकाश. इतक्या की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडला. इथे तळं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मला भीती वाटली नाही. दुपारच्या झोपेत कोणीतरी अंगावर पांघरूण घालतं आणि आपल्याला ते अर्धवट कळतं, तसं वाटत होतं.

कुसुम पाण्यात शिरली तेव्हा मात्र मी काठापर्यंत धावलो. तिला कशाचीच पर्वा उरलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "कुसुम, मागं ये वं... ऐक माझं." तिने मागे न बघता नुसता हात वर केला, थांब म्हणून. गुडघाभर पाण्यात ती थांबली. वाकली. ओंजळ भरली.

आणि ती ओंजळ तिने स्वतःच्या तोंडाला लावली नाही. वाकलेलीच राहिली आणि ओंजळ आपल्या कमरेच्याही खाली धरली. मी अगदी जवळ होतो. बोटांतून एक थेंब गळत नव्हता. तरी ओंजळीतलं पाणी कमी होत होतं... थोडं, मग थांबून आणखी थोडं. ओंजळ रिकामी झाली. तिने पुन्हा भरली. पुन्हा तसंच.

"हळू पे," कुसुम म्हणाली. "हळू. लय पाणी आहे, बाई."

किती वेळ हे चाललं, मला सांगता येणार नाही. शेवटी तिने पदराचं टोक घेतलं आणि तिथेच, कमरेच्या खाली, हवेत काहीतरी पुसलं. आई पोराचं तोंड पुसते तसं. मग ओंजळ भरून स्वतः प्यायली. घटाघटा, नाकातोंडात जाईपर्यंत.

मी डोळे मिटल्याचं मला आठवत नाही. पण पुढच्या क्षणी पायाखाली तापलेला दगड होता, आणि पळसाची वाळकी पानं वाजत होती. कुसुम माझ्याकडे चालत आली. "चाल ना दादा," ती म्हणाली, "मनोहरभाऊ वाट पाहून राहिले असन." कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं पहिलं धड वाक्य.

खाली मनोहर वैतागलेला. "काय करून राहिले होते गा वरतं? मी इथून हाका मारून राहिलो, अन् तुम्ही दोघं त्या उघड्या दगडावर उभे! काहून उत्तर नाई दिलं?" मग त्याची नजर कुसुमच्या साडीवर गेली. गुडघ्यापर्यंत ओली, काठाला करडा चिखल. तो एकदा त्या चिखलाकडे, एकदा वरच्या कोरड्या दगडाकडे बघत राहिला. वस्तीवरच्या बाईने चहा आणला तर कुसुम म्हणाली, "चहा राहू द्या, मले पहिले पाणी द्या." तिने गडवाभर पाणी संपवलं आणि मी त्या अंगणात, लोकांसमोर, रडलो.

पुढच्या रविवारी मी आणि मनोहर तो टप्पा शोधत गेलो. मला झरा सापडायला हवा होता, निदान एखादं डबकं. कोरडा ठणठणीत टप्पा. फक्त दोन काळ्या थरांच्या मधे एक पांढुरका थर होता, आणि त्यात शंख... छोटे छोटे, दगड झालेले. दोन लाव्हांच्या मधे शांततेचा काळ होता, तेव्हा इथे तळी होती, हे मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. पण ती तळी होती तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचा प्राणीच नव्हता. मृगजळ म्हणा, उन्हाचा त्रास म्हणा, दुःखी माणसांचा भास म्हणा. मी सगळं म्हणून पाहिलं. साडीचा तो चिखल माझ्या बायकोने स्वतःच्या हाताने धुतला आहे, त्याचं काय करू?

कुसुम परत सासरी नांदायला गेली. आज तिचा मुलगा नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहान प्रकल्पात नोकरीला आहे. मी अजूनही प्रताप नगरातल्या घरून निघून, गुडघे कुरकुरले तरी, फाल्गुनात एकदा त्या टेकडीवर जातो आणि मुद्दाम एक टप्पा आधी वळतो. काही होत नाही. दगड असतो, शंख असतात.

दर वर्षी कुसुमला विचारतो, येतेस का? ती कधीच आली नाही. यंदा पुन्हा विचारलं, तर हातातला पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "मी काहून येऊ, दादा? तिले आता तहान नाई."