मोजणी उस्तादाची

चीनच्या लढाईनंतर माझी बदली बंगळूरच्या एका ट्रेनिंग सेंटरला झाली. मी हवालदार, सुरुंगाचं काम शिकवणारा उस्ताद. मूळचा बेळगावकडचा. आवाज मोठा आणि गुर्मी त्याहून मोठी. तेव्हा मी तिला शिस्त म्हणत होतो.

काम ठरलेलं असे. शहराबाहेरच्या दगडखाणीत पाच सुरुंग लावायचे. वाती कमी-जास्त लांबीच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात. आडोशाला बसून उस्तादाने मोठ्याने बार मोजायचे, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. पाच भरले की 'ऑल क्लिअर', आणि मग पहिला पुढे जाणार तो उस्तादच. एक जरी कमी भरला तर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही.

माझा मदतनीस होता लान्स नाईक व्यंकट राव. घर बंगळूरच्याच शिवाजीनगरला. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेलं. परेडवर मला उस्ताद म्हणे, एरवी अण्णा.

त्या दिवशी सकाळी १०.४० ला वाती पेटवल्या. बार उडाले. मी पाच मोजले आणि उठलो.

"उस्ताद, चारच झाले," राव म्हणाला.

"पाच."

"स्वल्प थांबू या, अण्णा. तिसऱ्याचा आवाज कड्यावर आपटून परत आला. तुम्ही तोपण धरला."

मागे चौदा रंगरूट ऐकत होते. त्यांच्यादेखत माझी चूक काढली, वर अण्णा म्हणाला. माझं डोकं फिरलं.

"मोजणी कुणाची?"

"तुमची, उस्ताद."

"मग जा. बघून ये."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "सरी, उस्ताद, जातो," म्हणाला आणि गेला. १०.४९ ला पाचवा सुरुंग उडाला.

आम्ही धावत गेलो. त्याच्यात काही उरलं नव्हतं. तुम्हाला वाटेल, त्या क्षणी माझे डोळे उघडले असतील. नाही उघडले. त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून मी पुटपुटत होतो, "पाच झाले होते. मी पाच मोजले होते." आजही ते आठवलं की माझीच मला भीती वाटते.

दुपारी कॅप्टन साहेबांनी जबाब घेतला. त्याआधी सुभेदार साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो आपणहून पुढे गेला असं सांग. गेलेल्याला काय फरक पडतो?" मी तसंच सांगितलं. सांगताना जीभ अडखळली नाही. संध्याकाळपर्यंत तर मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याचं सामान पोचवायला शिवाजीनगरला गेलो. दार त्याच्या थोरल्या बहिणीने उघडलं. आत वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"अप्पा कुणाशी बोलत नाहीत," ती हळूच म्हणाली. "पोराने हुकूम मोडला, स्वतःच्या चुकीने गेला, असं आम्हाला कळवलंय. खरं काय, अण्णा?"

तिनेही त्याच्यासारखंच अण्णा म्हटलं. तीन दिवस मी माझी पत सांभाळत होतो. त्याची किंमत हा म्हातारा भरत होता.

"नाही, अक्का. पाचातले चारच सुरुंग उडाले, असं तो म्हणाला होता. बरोबर तोच होता. मी ऐकलं नाही, आणि मीच त्याला पाठवलं."

ती भिंतीला टेकली. म्हातारा वळला. मला वाटलं, आता शिव्या देईल, अंगावर येईल. त्याने एवढंच विचारलं, "आत एक सुरुंग जिवंत आहे, हे त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"तरी गेला?"

"गेला, अप्पा."

दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलला. माझी एक फीत उतरली, हवालदाराचा नाईक झालो. पुढे नोकरीभर मी प्रत्येक जवानाला वेगळं मोजायला लावलं आणि सगळ्यांत नव्या माणसाचा आकडा आधी विचारला. सुरुवातीला ते घाबरून माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हा मी त्यांना रावची हकीकत सांगत असे.

लान्स नाईक व्यंकट राव, वय तेवीस. तो चुकून गेला नाही. समोर काय आहे ते त्याला माहीत होतं, आणि मी जा म्हणालो म्हणून तो गेला.