फळ्यावरचे रिकामे तास

आमच्या प्राध्यापक संघटनेच्या सभेत चहाबरोबर खारे शेंगदाणे असत आणि वादावादी हमखास. मी शाखेचा सचिव, शिवाय इतिहासाचा विभागप्रमुख. त्यामुळे दोन्हीकडची बोलणी माझ्याच वाट्याला.

माझ्या विभागात थळच्या एक मॅडम तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे शिकवतील तेवढ्याच तासांचा पगार आणि दर जूनला आपल्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत. संघटनेचे सभासद मात्र फक्त कायम प्राध्यापक. तरीही रिक्त पदं भरा म्हणून आम्ही अलिबागला धरणं धरलं, तेव्हा त्या आपणहून आल्या. आम्ही कायमवाले उन्हात नुसते पुटपुटत होतो. घोषणा दिल्या त्यांनी, खणखणीत आवाजात. आम्हीही खुशाल त्यांना पुढे उभं केलं.

जूनमध्ये त्यांना मुलाखतीला बोलावलंच नाही. त्यांचे तास विभागातच वाटून घ्या, असं प्राचार्यांनी मला गोडीगुलाबीने सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

विभागातले दुसरे प्राध्यापक म्हणजे संघटनेचे खजिनदार. नियमाला भलतेच पक्के. सभेत त्यांनी घटना वाचून दाखवली: सभासद नसलेल्यासाठी संघटनेला भांडता येत नाही. कलम बरोबर होतं, म्हणून मला जास्तच चीड आली. मी म्हटलं, भांडू नका, फक्त जादा तास घेऊ नका. शेंगदाणे तेवढे संपले.

आमच्याकडे वेळापत्रक स्टाफरूमच्या फळ्यावर लागतं. आपले तास ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचे. दुसऱ्या दिवशी खजिनदार उठले, स्वतःचे तास लिहिले, मॅडमचे तसेच रिकामे सोडले आणि हात झटकून खाली बसले. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

मॅडमच्या तासाला शिकवायला कुणीच येईना, तेव्हा मुलं प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आठवड्याभरात मॅडमना बोलावणं आलं.

परत आल्यावर त्यांनी आपले तास फळ्यावर लिहिले आणि शांतपणे विचारलं, "सर, आता तरी मी सभासद का?"

नाही, असं मला सांगावं लागलं.

"मग पुढच्या जूनला हे तास रिकामे कोण ठेवणार?"

मी आणि खजिनदार, दोघेही त्याआधीच निवृत्त होणार होतो. खजिनदारांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला.

"सचिव," ते मला म्हणाले, "सभा लावा. सभासदत्वाचं कलम बदलायचंय."